ड्रॉपर ‘गेला’ म्हणण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा निम्मा सरला की पुण्यातल्या सायकल दुरुस्तीच्या दुकानांत एक तक्रार हमखास येते, “ड्रॉपर गेला.” सीट खाली जात नाही, गेली तर वर येत नाही, नाहीतर बसल्या बसल्या आपोआप खचते. त्यावर मिळणारे उत्तरही बहुधा ठरलेले असते, “नवीनच घाला.” मधल्या दर्जाचा नवा ड्रॉपर आज पाच आकडी किमतीला पडतो, आणि ‘गेलेल्या’ ड्रॉपरपैकी बरेचसे शे-दोनशे रुपयांच्या केबलने किंवा एक बोल्ट अर्धा फेरा ढिला केल्याने चालू होण्यासारखे असतात. याच कामात असलेल्या आम्हा काही जणांना हे एकदा नीट मांडावेसे वाटले, म्हणून हे पत्र. थोडे लांबले आहे, पण अर्धवट सांगितले की लोक अर्धवट खोलून ठेवतात.

ज्यांनी ही वस्तू पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. माउंटन बाइकवर चढ चढताना सीट उंच लागते आणि उतारावर ती मधे येते. सिंहगडाच्या किंवा बोपदेव घाटाच्या बाजूच्या मुरमाड पायवाटांवर उतरलेल्या कोणालाही हे सांगावे लागत नाही. ड्रॉपर म्हणजे हँडलवरचा लिव्हर दाबून, न उतरता, सीट खाली-वर करता येणारी दांडी. कल्पना नवी नाही. अमेरिकेत जो ब्रीझ आणि जॉश एंजेल यांनी १९८४ मध्ये ‘हाइट राइट’ नावाची साधी स्प्रिंग याच कामासाठी काढली होती. आजच्या बहुतेक ड्रॉपरमध्ये स्प्रिंगच्या जागी दाबाखालची हवा आणि तेल यांचे कार्ट्रिज, म्हणजे नळकांडे असते. लिव्हर दाबला की केबल खालची कळ ओढते, कळ कार्ट्रिजची झडप उघडते, सीट हलते. लिव्हर सोडला की झडप मिटते आणि सीट आहे तिथे थांबते.

तपासणी बाहेरून आत करत जायची. आधी क्लॅम्प, मग केबल, कार्ट्रिज सगळ्यात शेवटी. दुकानांत नेमके उलटे होते, कारण कार्ट्रिजला दोष दिला की बोलणे संपते.

सीट क्लॅम्प म्हणजे फ्रेमच्या तोंडाशी असलेली कडी. ४ किंवा ५ मिमीचा ॲलन पाना घ्या, बोल्ट अर्धा फेरा ढिला करा आणि लिव्हर दाबून बघा. अडकलेली सीट सरसर वर आली तर दोष सापडला. साधी सीट दांडी अखंड असते, ती थोडी जास्त आवळली तरी तिला फरक पडत नाही. ड्रॉपरची बाहेरची नळी पातळ असते आणि तिच्या आत बुशांमधून, म्हणजे आधार देणाऱ्या गुळगुळीत कड्यांमधून, दुसरी नळी सरकते. क्लॅम्प जास्त आवळला की बाहेरची नळी किंचित दबते आणि आतली धरली जाते. बहुतेक क्लॅम्पवर किती आवळायचे ते कोरलेलेच असते, साधारण ५ ते ६ न्यूटन मीटर. टॉर्क पाना, म्हणजे किती जोराने आवळले ते दाखवणारा पाना, नसेल तर ॲलन पान्याची लांब बाजू बोल्टमध्ये घालून आखूड बाजूने आवळा. हात आपोआप बेताने पडतो. पाइप लावून आवळण्याची हौस मोटारीच्या चाकांसाठी ठेवावी.

आता याच्या उलट अडचण. क्लॅम्प फारच कमी आवळला तर अख्खा ड्रॉपर फ्रेममध्येच खाली सरकतो, आणि मालकाला वाटते कार्ट्रिज गळते आहे. हे ओळखायला इन्सुलेशन टेपचा तुकडा पुरतो. ड्रॉपरच्या बाहेरच्या नळीवर, फ्रेमच्या तोंडाला लागून टेप गुंडाळा आणि एक फेरी मारून या. टेप फ्रेममध्ये घुसलेली किंवा गोळा झालेली दिसली तर नळी सरकते आहे. टेप जागच्या जागी आणि सीट मात्र खाली असेल तर दोष आत आहे. नळी सरकत असेल तर ती आणि फ्रेमचा आतला भाग दोन्ही पुसून कोरडे करा, नळीला कार्बन पेस्ट लावा. तिच्यात बारीक खर असते, त्यामुळे कमी आवळूनही पकड येते, आणि धातूच्या फ्रेमलाही ती चालते. एवढे करूनही सरकले तर व्हर्नियरने नळीचा व्यास मोजा. २७.२, ३०.९, ३१.६ आणि ३४.९ मिमी ही चालू मापे. ३१.६ च्या फ्रेममध्ये ३०.९ चा ड्रॉपर बसवून दिलेला असेल तर ०.७ मिमीची ती फट कोणताही क्लॅम्प भरून काढणार नाही. योग्य मापाची शिम, म्हणजे फट भरणारी पातळ नळी, घालावी लागते.

क्लॅम्प निर्दोष निघाला की केबल. सर्वाधिक ड्रॉपर इथेच ‘मरतात’, म्हणून इथे जरा थांबू.

पहिली गोष्ट, केबल आणि ड्रॉपर वेगळे करून बघणे. क्लॅम्प ढिला करा आणि दांडी सावकाश वर ओढताना हँडलकडून आउटर, म्हणजे केबलचे बाहेरचे आवरण, फ्रेममध्ये सरकवत जा. नुसती दांडी खेचली तर आउटरला मुरड पडते किंवा केबल कळीतून निसटते. दांडी बाहेर आली की तळाशी केबल अडकवलेली छोटी कळ दिसेल. केबल सोडवा, बोटाने किंवा ॲलन पान्याच्या टोकाने कळ दाबा आणि दुसऱ्या हाताने सीट खाली दाबून सोडा. तोंड सीटच्या वर आणू नका, ती जोरात उसळते. हाताने कळ दाबल्यावर सीट पूर्ण खाली जाते, पूर्ण वर येते आणि कळ सोडल्यावर मधेच थांबते, असे असेल तर ड्रॉपर ठणठणीत आहे. दोष केबलचा किंवा लिव्हरचा. ही दोन मिनिटांची चाचणी केल्याशिवाय कोणी नवीन ड्रॉपरची किंमत सांगू लागला तर सायकल उचलून घरी आणावी.

आता सुटी इनर केबल, म्हणजे आउटरच्या आतली तार, बोटांनी मागे-पुढे ओढून बघा. ती लोण्यासारखी सरकायला हवी. खरखर लागली किंवा मधेच अडली तर गंज आहे. फ्रेमच्या आतून जाणाऱ्या आउटरचा सगळ्यात खालचा बाक बीबीजवळ, म्हणजे पेडलचा आस फिरतो त्या फ्रेमच्या तळाच्या भागाजवळ येतो. पावसाचे पाणी सीटची दांडी बसते त्या नळीच्या (सीट ट्यूबच्या) फटीतून आत उतरते, तिथेच साठते, आणि आउटरमध्ये शिरलेले पाणीही त्याच बाकात थांबते. फेब्रुवारीत सुरळीत चालणारा ड्रॉपर ऑगस्टमध्ये हट्टाला पेटतो तो यामुळे. पावसाळी फेरीनंतर दांडी काढून सायकल उलटी धरा. कधी कधी निघणारे पाणी पाहून मालक आपल्याच सायकलकडे संशयाने बघू लागतो. रात्रभर फ्रेम उघडी ठेवून सकाळी दांडी परत बसवा. बीबीखाली पाणी जायला बारीक छिद्र असेल तर ते मातीने बुजलेले नाही ना, तेही तारेने तपासा. ऑक्टोबरात पाऊस थांबला की इनर आणि आउटर दोन्ही बदलणे हा पुण्यापुरता चांगला नेम आहे.

बदलताना गिअरचीच इनर आणि गिअरचाच आउटर घ्या. गिअरची इनर १.१ ते १.२ मिमी जाडीची, तर ब्रेकची १.५ ते १.६ मिमीची असते. ब्रेकच्या इनरचा गोळा मोठा असल्याने तो ड्रॉपरच्या कळीत बसत नाही, मग काही ठिकाणी तो घासून बसवतात आणि महिन्याभरात तिथूनच तुटतो. ब्रेकचा आउटर ५ मिमीचा आणि आत सर्पिलाकार तारेचा असतो. तो ओढीखाली दबतो आणि लिव्हरची अर्धी हालचाल त्यातच जिरते. आउटर कापायला केबल कटरच हवा. पक्कडीने कापलेल्या टोकाचे तोंड चपटे होते आणि इनर तिथेच अडते. कापल्यावर टोक कानशीने सपाट करा, आतल्या प्लॅस्टिक नळीचे तोंड टाचणीने गोल करा आणि दोन्ही टोकांना फेरूल, म्हणजे छोट्या टोप्या घाला. साधी वाटणारी ही तीन कामे टाळली की नवी केबलही आठवड्यात जुन्यासारखी वागते.

ताण जमवणे हे या सगळ्यातले नाजूक काम. लिव्हरच्या टोकाला १ ते २ मिमी रिकामा खेळ हवा. खेळ अजिबात नसेल तर केबल कळीला कायम थोडी ओढून धरते, झडप पुरती मिटत नाही, आणि सीट बसल्यावर खचते किंवा वजन काढताच हळूहळू वर सरकते. कार्ट्रिज गेल्याचे लक्षण अगदी असेच दिसते, म्हणून फसगत होते. खेळ जास्त असेल तर झडप पुरती उघडत नाही. सीट रेंगाळत वर येते किंवा लिव्हर दाबूनही हलतच नाही. केबलच्या तोंडाशी असलेली फिरवायची घुंडी, म्हणजे बॅरल ॲडजस्टर, बाहेर फिरवला की ताण वाढतो, आत फिरवला की कमी होतो. एका वेळी अर्धा फेरा, मग सीटवर बसून तपासणी, मग पुढचा अर्धा फेरा. शेवटी हँडल डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण वळवून बघा. हँडल वळवल्यावर सीट आपोआप हलली तर आउटर आखूड कापला गेला आहे. त्याला ॲडजस्टरचा इलाज नाही, आउटरच लांब घ्यावा लागतो.

काही ड्रॉपरमध्ये इनरचा गोळा खालच्या कळीत आणि कसायचा बोल्ट लिव्हरपाशी असतो, काहींत उलट. बोल्ट खाली असेल तर इनर आउटरच्या तोंडापासून किती मिमी बाहेर ठेवायची हे माप प्रत्येक मॉडेलचे वेगळे असते आणि ते माहितीपत्रकात चित्रासह दिलेले असते. अंदाजाने कापू नका. इथे इनर दोन-चार मिमीने आखूड झाली की पुन्हा नवीन टाकण्यावाचून गत्यंतर नसते. कसायचा बोल्टही फार आवळला की तारेच्या लडी तुटतात. एकही लड सुटलेली दिसली तर ती केबल बाद समजा. जोडणी झाली की दांडी खाली उतरवताना हँडलकडून आउटर ओढून घेत जा, एक हात सीटवर आणि एक हात आउटरवर. बसवलेला ड्रॉपर दुसऱ्याच दिवशी बंद पडतो तो बहुतेक वेळा या शेवटच्या पायरीत आत मुरडलेल्या आउटरमुळे.

लिव्हर, केबल, क्लॅम्प सगळे ठीक आणि तरीही सीट जड चालते, तेव्हा कॉलरखाली बघायची वेळ आली. सीट पूर्ण वर ठेवा, आतली नळी पुसा, बाहेरच्या नळीच्या डोक्यावरची कॉलर हाताने किंवा पट्ट्याच्या पान्याने सोडून वर सरकवा. कॉलरच्या आत धूळ अडवणारे रबरी सील असते. मागच्या चाकाने उडवलेला सगळा मुरूम आणि चिखल याच्या ओठाशी जमतो. धागे न सुटणाऱ्या स्वच्छ फडक्याने आतली नळी, सील आणि बुश पुसा, सस्पेन्शनचे हलके ग्रीस पातळ लावा, कॉलर परत हातानेच बसवा. बेअरिंगमध्ये भरायचे घट्ट पिवळे ग्रीस इथे नको, डिसेंबरातल्या सकाळी त्यानेच सीट रेंगाळते. चेनचे तेल, गंज सोडवायचे स्प्रे आणि रॉकेल-डिझेल तर अजिबात नको. सुटे भाग डिझेलमध्ये धुण्याची आपल्याकडची जुनी सवय चेन आणि फ्रीव्हीलपुरती ठीक आहे. इथले ग्रीस त्याने धुऊन जाते आणि सील फुगतात. दुचाकी धुण्याच्या सेंटरवर प्रेशरच्या पाण्याने सायकल धुऊन घेणाऱ्यांनी निदान सीटच्या दांडीवर फवारा मारू देऊ नये. सील धूळ अडवण्यासाठी केलेले असते, त्या दाबाचे पाणी ते अडवत नाही.

सीटचे टोक हाताने डावीकडे-उजवीकडे किंचित हलते, म्हणून काही जण घाबरून येतात. दोन-तीन मिमी हालचाल नव्या ड्रॉपरलाही असते. आतली नळी गोल फिरू नये म्हणून तिच्या खोबणींत पितळी पिना असतात, बहुतेक ठिकाणी तीन. त्या झिजल्या की खेळ वाढतो. पिनांवर मापाचा आकडा किंवा खुणा असतात. एक माप मोठ्या पिना घातल्या की खेळ जातो. दोन मापे मोठ्या घातल्या तर सीट अडकते. आणि सीटमधून येणारी करकर ही बव्हंशी सीटच्या रुळांचे बोल्ट कोरडे किंवा ढिले असल्याची असते, ड्रॉपरची नव्हे.

हवेचा विषय. काही ड्रॉपरना हवा भरायची व्हॉल्व्ह असते, सीटखाली किंवा दांडीच्या तळाशी. काहींचे कार्ट्रिज कायमचे बंद असते आणि तिथे भरण्यासारखे काही नसते. व्हॉल्व्ह असेल तर सीट पूर्ण वर ठेवूनच, शॉक पंपाने (सस्पेन्शनमध्ये हवा भरायच्या जास्त दाबाच्या छोट्या पंपाने), माहितीपत्रकात दिलेला दाब भरा. स्रॅम कंपनीच्या रॉकशॉक्स नावाखालच्या जुन्या हायड्रॉलिक रिव्हर्ब ड्रॉपरसाठी तो २५० पीएसआय आहे. टायरचा उभा पंप तिथवर पोहोचत नाही. दाब मोजायला पंप जोडला की थोडी हवा पंपाच्या नळीत जातेच, त्यामुळे काट्यावर दिसणारा आकडा मुळातल्यापेक्षा कमी असतो. रोज जोडून बघण्याचा नाद सोडा. उन्हात दाब वाढून ड्रॉपर बिघडतो ही समजूतही सोडा. तापमान १० अंशांनी वाढले तर दाब साधारण ३ ते ४ टक्के वाढतो, एप्रिलमधल्या पुण्यात त्याने काही फुटत नाही.

याच हायड्रॉलिक रिव्हर्बच्या लिव्हरपासून दांडीपर्यंत केबल नसून तेलाची नळी असते. लिव्हर मऊ लागला की दोन सिरिंजनी त्यातली हवा काढावी लागते. तेल त्याचेच, २.५ वेटचे, म्हणजे अगदी पातळ. त्याच कंपनीच्या अनेक ब्रेकमध्ये डॉट द्रव (एक प्रकारचे ब्रेक ऑइल) असतो म्हणून तोच इथे भरल्याची उदाहरणे पुण्यात आहेत. ते भरले की सील गेले. वायरलेस ड्रॉपरवाल्यांनी आधी बॅटरी चार्ज आहे का ते बघावे, मग काळजी करावी.

आता खरोखर बिघडलेले कार्ट्रिज कसे ओळखायचे ते. केबल सोडवलेली आहे, टेप जागेवर आहे. सीट निम्म्या उंचीवर थांबवा आणि सावकाश बसा. ती गादीसारखी एक-दोन सेंटीमीटर दबली आणि उठल्यावर परत वर आली तर आतल्या तेलात हवा मिसळली आहे. हवा दबते, तेल दबत नाही, म्हणून हा लवचीकपणा. रिव्हर्बच्या नंतरच्या पिढ्यांत ही हवा बाहेरून सोडण्याची सोय आहे. बाकी बहुतेक ठिकाणी कार्ट्रिज बदलायचे असते. नुसते कार्ट्रिज, अख्खा ड्रॉपर नव्हे. ते घरी खोलण्याच्या फंदात पडू नका, आत दाबाखालचा वायू असतो. मागवताना ड्रॉपरची कंपनी, मॉडेल आणि हालचालीची लांबी सांगा. १२५, १५० आणि १७० मिमीच्या ड्रॉपरची कार्ट्रिजे एकमेकांना लागत नाहीत.

तेलात हवा जाण्याचे कारण पुष्कळदा मालकाच्या हातात असते. सीट खाली असताना सायकल सीटला धरून उचलली की आतली नळी वर खेचली जाते, कार्ट्रिजमध्ये निर्वात ओढ तयार होते आणि सीलवरून हवा तेलात शिरते. सोसायटीच्या जिन्यावरून सायकल नेताना, टेम्पोत चढवताना, टेकडीवर पायऱ्या ओलांडताना हात आपोआप सीटकडे जातो. उचलायची तर फ्रेमला धरा, नाहीतर आधी सीट पूर्ण वर घ्या. गॅलरीत सायकल सीटवर टांगून ठेवणेही यातच आले. दुरुस्तीच्या स्टँडला लावताना आतली चकचकीत नळी जबड्यात धरू नका. बाहेरची नळी फ्रेममधून चार बोटे वर काढून तिला धरा. आतल्या नळीवर पडलेला एक ओरखडा सीलला कापत राहतो.

शहरातल्या विक्रेत्यांकडे मागणे एवढेच की ड्रॉपर विकताना माहितीपत्रक खोक्यात राहू द्यावे, आणि कार्ट्रिजचा भाग क्रमांक बिलावर लिहून द्यावा. दोन वर्षांनी तोच क्रमांक शोधताना ग्राहकाची दमछाक होते आणि शेवटी नवीन ड्रॉपर विकला जातो. ग्राहकांनीही दुकानात “चालत नाही” एवढेच सांगून सायकल टाकून जाऊ नये. सीट खाली जात नाही की वर येत नाही, बसल्यावर किती खचते, हँडल वळवल्यावर हलते का, क्लॅम्प ढिला केल्यावर काय झाले, हे चार ओळींत लिहून द्यावे. आणि काम सुरू होण्याआधी आपल्या सीटच्या उंचीची खूण बाहेरच्या नळीवर टेपने करून ठेवावी.

आपले,
सायकल दुरुस्तीच्या कामातील काही वाचक, कोथरूड, पुणे